प्रसेनजितची चौकशी

पायल, जय भीम.

सोयाबीन निघाल्यापासून लिहीन लिहीन म्हणून टाळून राह्यलो.

तुह्या बाबांनी तुह्यासाठी स्थळ म्हणून पाह्यलेल्या त्या ऑनलाइन मार्केटिंगवाल्या प्रसेनजितचे सगळे व्हिडिओ मी पाह्यले. कुठंतरी खोटा सापडल म्हणून. असे लोक भाड्याच्या गाडीसमोर फोटो काढतात अन् आपल्याच मावश्या-आत्यांकडून 'फायदा झाला' म्हणवून घेतात. म्हणून व्हिडिओत त्याचं गुणगान करणाऱ्या बनाबाईले धुंडाले जानेफळले निघालो. रस्त्यात एक दोस्त भेटला, त्याच्यासंगं आधी शेगावच पाहून आलो, ते जाऊ दे.

बनाबाई खरी निघाली. तिनं मले कुरडया तळून देल्ल्या. मी म्हटलं, "मावशी, पैसे घेऊन बोलल्या ना?"

"काहाचे पैसे बे! पुण्याहून ऑर्डरी येतात माह्या कुरडयांले. अन् तो पोरगा तं पहिल्याच दिवशी म्हने, मावशी, वर्षभर काहीच होनार नाही, थांबा लागन."

फसवणारा असं म्हणत नसते, पायल. तरी तुले तो लबाड आहे असंच लिहिणार होतो.

थांब, दारात कोणी आलं. तुहे बाबा! आपलं त्यायले काहीच माहीत नाही. म्हणून राह्यले, "संघर्ष, तू गावोगाव हिंडतं. तो प्रसेनजित खरा हाये का बे? तू म्हनशीन तेच करतो."

तुहाच अजून,
संघर्ष