कालव्यातून समुद्रापर्यंत, सपत्नीक

३ जानेवारी
रिटायर झालो. निरोपसमारंभात जाहीरच करून टाकलं: मे महिन्यात आम्ही दोघं बोटीने निघणार. घरामागच्या कालव्यातून नदीत, नदीतून मोठ्या तळ्यात, तिथून खाडी, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वर जाऊन दुसऱ्या नदीने घरी. टाळ्या पडल्या. हिलाही बेत तिथेच कळला. परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. भारावली असणार.

१९ जानेवारी
सेकंडहँड बोट घेतली. कालव्याच्या धक्क्याला बांधली आहे. कॅप्टन मी. हिच्याकडे स्वयंपाक, दोर आणि साफसफाई. हिची धाकटी बहीण बघायला आली होती. केमिस्ट आहे, नवरा वारल्यापासून जास्तच फटकळ झाली आहे. भाऊजी, तुम्हाला पोहता येतं का, म्हणे. पोहावं लागू नये म्हणूनच माणूस बोट घेतो, असं सुनावलं.

६ फेब्रुवारी
समुद्रात जायला लायसन्स लागतं. त्यासाठी क्लास आहे. शिकवणारी बाई, मला मुलगी असती तर तिच्या वयाची. आयुष्यभर नगररचना खात्यात बसून मी लोकांचे प्लॅन नापास केले, मला ही काय शिकवणार. सेल्फ-स्टडी करणार. पुस्तक आणलं. उद्या पहाटेपासून सुरुवात.

७ फेब्रुवारी
उद्यापासून.

२ मार्च
पहिली फेरी. कालव्यात एके ठिकाणी लॉक आहे, म्हणजे दोन दरवाजांमधला हौद, त्यात पाणी चढवून-उतरवून बोट पुढे सोडतात. तिथे भिंत अचानक जवळ आली. हिने दोर वेळेवर टाकला नाही. मी हिच्यावर ओरडलो असं लॉकवाला म्हणतो. कॅप्टनच्या सूचना लांबून तशाच ऐकू येतात. काठावर बरीच माणसं उभी होती. ही खाली मान घालून दोर गुंडाळत राहिली.
घरी आल्यावर म्हणाली, की लग्न झाल्यापासून मी तुमच्या मागेच बसत आले, बोटीत तरी मला पुढे बसू द्या. म्हटलं, पुढे वारा लागतो, तुला सर्दी होते.

१५ मार्च
ही हल्ली रोज सकाळी बहिणीबरोबर फिरायला जाते. चांगलं आहे, वजन उतरेल. तळहातांना फोड आलेत. फिरून हाताला फोड कसे येतात ते विचारायचं राहिलं. ती काहीतरी सांगत होती, पण मी भरती-ओहोटीच्या धड्यात होतो. धडा अवघड आहे. झोप येते.

९ एप्रिल
परीक्षा. प्रॅक्टिकल खाडीच्या तोंडाशी. लाटा पुस्तकाबाहेरच्या होत्या. परीक्षकाच्या बुटांवर ओकलो. त्यानंतर लेखीतही नापास केलं, हा उघड आकस. पास झालेल्यांत हिचं नाव होतं. त्याखाली बहिणीचं. मला आधी सांगितलं का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, तीनदा सांगितलं. मी मोठ्या मनाने माफ केलं. नवी व्यवस्था: बोट ती चालवेल, कॅप्टन मीच.

२६ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, कानातला दोष आहे, गोळ्या घेऊनही मोकळ्या पाण्यावर त्रास होणारच. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हे लोक आपसात फोन करत असावेत. हिला म्हटलं, आपण बेत पुढच्या वर्षावर ढकलू. ती इस्त्री करत होती. तुम्ही ढकला, म्हणाली, आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट दाबून घेतली.

१४ मे
दोघी बहिणी निघाल्या. पहिल्या लॉकवरूनच परत येतील अशी माझी खात्री आहे. दोर सोडायला मी धक्क्यावर गेलो होतो. ही म्हणाली, आधी मागचा सोडा. मी पुढचा सोडला. बोट फिरली. हिने काठी लावून ती सावरली आणि मला पुन्हा सांगितलं, मागचा. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. का, ते कळलं नाही. उन्हामुळे असेल.

२ जून
हिचा फोन. समुद्राला लागल्या. घरी कधी येणार, विचारलं. म्हणाली, दुसऱ्या नदीत वळायचं नाही असं ठरतंय, किनारा अजून बराच आहे, पुढचं पुढे. जेवलात का विचारेल म्हणून थांबलो. नाही विचारलं. मागे बहीण हसत होती. मग हीपण हसायला लागली, अगदी मोठ्याने. हिचं हसणं असं आहे हे मला ठाऊक होतं. बहुतेक.

८ जून
खात्यातल्या ज्युनिअरचा फोन. साहेब, प्रवास कसा चाललाय? म्हटलं, फर्स्ट क्लास, समुद्र शांत आहे. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. हा कसला आवाज, म्हणे. म्हटलं, बोटीवरची घंटा, जेवण तयार झालं. त्याने मॅडमना नमस्कार सांगायला सांगितला. सांगतो म्हटलं. फोन ठेवला.
बेल पुन्हा वाजली. उठलो नाही. घरी कोणी नाही.