आईचा फोन मलाच लागेना

मंगळवार, संध्याकाळ

वरोरला आईने घरी नवा लँडलाइन फोन घेतलाय. त्यावरून भावाला लागतो, मावशीला लागतो, डहाणूत मलाच लागत नाही. सुकट निवडतानाचे खारट हात लागून बिघडला, असं ती धरून बसलेली. नंबर लावण्याआधी दोनदा हात धुते म्हणे!

आज जाऊन वायरी काढल्या, घातल्या. काही नाही. शेवटी माझा मोबाईल बघितला. पहिल्याच दिवशी तो अनोळखी नंबर जाहिरातवाल्यांचा समजून मीच ब्लॉक केलेला. मूर्ख कुठली! ब्लॉक काढला. सांगू की नको? सांगितलं.

"म्हंजे माज्या हातांनी नाय ना बिगडला?"

मग हात न धुताच, मी समोर बसलेली असताना, तिने मला फोन लावला. मी उचलला.