तीन वर्षांचा दाखला

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण इथे मान वर करायला फुरसत नाही. तुझ्यासारखं दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या पंख्यांवरची धूळ फुंकायची असती, तर रोज एक पत्र खरडलं असतं. चिडू नकोस, पण खरं ते खरं. या राज्यात वायरमनला माणसात धरतात. तुला आठवडाभरात सुटतं तेवढं इथे परवानावाला एका दिवसात उचलतो. वर दरसाल वाढ, पुढे सुपरवायझर, नशीब असेल तर स्वतःची कंपनी. आणि आपल्याकडे? शेजारीण मिक्सर दुरुस्त करून नेते, पुढच्या वेळी देते म्हणते, आणि तू हसून मान डोलावतेस. ते हसणं आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

इथली शिस्त बघितलीस तर तोंडात बोट घालशील. मोठ्या बोर्डावर काम करायचं तर आधी मेन स्विच बंद करून त्याच्या हँडलला आपापलं लाल कुलूप लावायचं. प्रत्येकाचं वेगळं, वर फोटो. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, तोवर फोरमनच्या बापालासुद्धा वीज चालू करता येत नाही. एकेका हँडलला सहा-सहा कुलपं लटकतात. तू मात्र फळीवर खडूने "काम चालू आहे" लिहितेस!

जाता जाता एक किरकोळ काम. मी तुझ्या हाताखाली चार वर्षं वायरिंगचं काम केलं, असा दाखला सही-शिक्क्यासह पाठव. इथल्या परवान्याच्या परीक्षेला लागतो. नुसता उपचार आहे.

कळावे. लोभ आहे तसा असू दे आणि दाखला लवकर येऊ दे.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून ऊर भरून आला, म्हणजे तसा येईल अशी तुझी अपेक्षा दिसली म्हणून लिहिते. आमच्या पंख्यांवरच्या धुळीची आठवण ठेवलीस, फार उपकार झाले. ती धूळ फुंकूनच तुझ्या गाडीभाड्याची सोय केली होती, पण मोठ्या माणसांना बारीकसारीक गोष्टी लक्षात राहत नाहीत.

पत्र दोनदा वाचलं. कुलपाचा रंग कळला, सहा फोटो कळले. तुझा फोटो कुठल्या कुलपावर आहे ते काही कळलं नाही. आणि पैसे उचलतो तो "परवानावाला". मग तू काय उचलतोस रे? केबलची रिळं?

दाखला सोबत आहे. त्यावर तीन वर्षं लिहिली आहेत, कारण तू तीनच वर्षं काम केलंस. चौथ्या वर्षी तू गळ्यात टाय बांधून दारोदार पाण्याचे फिल्टर विकत होतास आणि वर्षभरात मोटार घेणार होतास. मोटार आली नाही, फिल्टर अजून माळ्यावर पडलेत. एक आमच्या नळाला लावला, तो गळतो.

तब्येतीला जप. माझा लोभ आहेच, तो वाढावा असं काही तुझ्या हातून झालं तर वाढवेनही.

तुझी,
ताई

२५ मार्च

ताईस,
नमस्कार.

झालं समाधान? हो, रिळंच उचलतो. शिडी धरतो, भिंतीला खाचा पाडतो, संध्याकाळी झाडू मारतो. हेल्परला कुलूप मिळत नाही, आणि हेल्परचा पगार हातात येईपर्यंत खोलीच्या भाड्यातच जातो. परवाना मिळाला की सगळं पालटणार होतं. तुला एक शब्द लिहायचा होता, "चार". तुझं काय जात होतं? पण नाही! तुझ्या त्या दीड टेबलाच्या दुकानाचा शिक्का म्हणजे जणू सुप्रीम कोर्टाचा!

आता ऐक. माझी बहीण वायरमन आहे हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. हसतील म्हणून. तिचं शिवणकामाचं दुकान आहे असं सांगितलंय. बरं केलं असं आज वाटतंय.

लोभाचं तुझं तू बघ.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ते काही मी परत घेत नाही.

शिवणकाम! अरे, निदान मला येतं असं काहीतरी सांगायचं. तुझ्या सदऱ्याचं बटण मी कसं लावलं होतं ते विसरलास?

माझं काय जात होतं ते सांगते. तीन वर्षांत तू घरं शिकलास. ती नीट शिकलास, त्यात खोट काढणार नाही. मोठे बोर्ड चौथ्या वर्षी शिकवणार होते, तेव्हा साहेब टाय बांधून फिरत होते. वीज बंद आहे म्हणून कुणी सांगितलं तरी स्वतः टेस्टर लावायचा, आणि तो टेस्टर चालतो का हेही आधी चालू लाइनवर बघायचं, हे तुझ्या अंगात अजून मुरलेलं नाही. मी चार लिहिलं असतं तर त्यांनी तुला बोर्ड उघडायला दिला असता. तू हात घातला असतास. पुढचं मला लिहवत नाही. मूर्खा, मला एकच भाऊ आहे.

एवढी लाज वाटत असेल तर दाखला फाडून टाक. नाहीतर तोच फोरमनला दाखव आणि चौथं वर्ष त्याच्या हाताखाली काढ. तेही जमत नसेल तर इकडे ये, मी शिकवते. खाचा इथेही पाडायच्या असतात.

लोभाचं मी बघितलं. आहे.

ताई

१९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाखला फाडणार होतो. मग फोरमनपुढे टाकला. तो माझ्याहून वयाने लहान आणि तोंडाने तुझ्यासारखा. वाचून हसायला लागला. म्हणाला, इथे प्रत्येक जण बरोबर चारच वर्षांचा कागद घेऊन येतो, काल हातात पक्कड धरलेलासुद्धा. तीन लिहून आणणारा पहिलाच येडा तू. मग विचारलं, ही सही कुणाची. मी सांगितलं. तो म्हणाला, ही बाई खोटं लिहीत नाही, म्हणजे तीन वर्षं खरी धरायला हरकत नाही.

चौथ्या वर्षाला त्याने घेतलंय. रोज दहा जणांत माझा पाणउतारा करतो. पगार थोडा वाढला, भाडं देऊन उरतो इतपत. काल कुलूप मिळालं, त्याचा फोटो काढून सोबत पाठवलाय. कुलपावर आपल्या फोटोखाली, काही झालं तर कुणाला कळवायचं, अशी एक ओळ असते. तिथे तुझं नाव लिहिलंय, पुढे "बहीण, वायरमन". पोरं हसली. हसू देत.

मागच्या पत्रातलं पोटात घाल. लोभ होता तिथवर परत येऊ दे.

तुझा,
धाकटा

२८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कुलूप बघितलं. फोटोत केस विंचरायचे होतेस, चोर पकडून बसवल्यासारखा दिसतोस. फोरमन शहाणा वाटतो, त्याला माझा नमस्कार सांग आणि पाणउतारा चालू ठेव म्हणावं. माळ्यावरचे फिल्टर भंगारवाल्याला दिले, त्यानेही आधी घ्यायला कुरकुर केली.

कुलूप रोज लावत जा. त्या ओळीत माझं नाव लिहिलंयस, ते कुणाला वाचायला लागू नये, एवढंच बघ.

लोभ वाढला आहे. फुगून जाऊ नकोस.

तुझी,
ताई