तव्याबद्दल लिहायचं राहिलं ते

वापी, २ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. म्हाळसा वहिनींस, बिरदेवचा सा. न. वि. वि.

मी हितं खुशाल हाय. तुमी सगळे कऱ्हाटीत बरे असाल. मोरगावच्या सावळाराम ड्रायव्हरजवळ एक तवा धाडलाय. काळा दिसतो म्हणून राखेनं घासू नका, ती काजळी न्हाय, त्याचं कातडंच तसं. आमच्या कारखान्यात असलेच तवे होतात. रंगासारखं औषध फवारून भट्टीत भाजायचं, ते माझं काम. भाकरी चिकटतच न्हाय, बघा. चांगलं काम केलं म्हणून मालकानं हा तवा बक्षीस दिला. सहावीतनं शाळा सुटलेल्या पोराला बक्षीस मिळालं, हे आईला दोनदा वाचून दाखवा.

आईचा राघू, फौजदार, काय म्हणतो? अजून आईच्याच आवाजात तुमाला आळशी म्हणतो का? एक दिवस तुमी त्याची मान मुरगाळणार, असं दादा सांगत होता. जरा दमानं घ्या.

दादाला नमस्कार, आईच्या पाया पडतो. लांब हाय म्हणून माया पातळ करू नका.

तुमचा धाकटा दीर,
बिरदेव

कळंब, ८ डिसेंबर १९९६

चि. बिरदेव भावजींस अनेक आशीर्वाद.

पत्ता बघून कळलंच असेल, मी माहेरी आहे. आले नाही, धाडलं आहे.

फौजदार मेला. त्या दिवशी मी चुलीत तुराट्या सारल्या, तुमचा तवा वर ठेवला आणि पीठ घेणार तेवढ्यात शेळी सुटली. तिच्यामागे ओढ्यापर्यंत गेले. परत आले तर तवा धगधगत होता, पाखरू चुलीजवळच्या पिंजऱ्याच्या तळाला पडलेलं, चोच उघडी. आदल्या दिवशीच रागानं मी आईंसमोर म्हणाले होते, याची मान मुरगाळते. आई म्हणतात, बोलली तसं केलंस, काहीतरी खायला घातलंस. नऊ वर्षं त्यांनी त्याला आपल्या ताटातला घास दिला, त्यांचं दुःख मला कळतं. पण तुमचे दादा मान खाली घालून बसून राहिले.

भावजी, ते कशानं मेलं असेल? तुम्ही चार गावं बघितली आहेत, काही सुचलं तर कळवा. आणि एक, तव्याचा काळा पापुद्रा एकदा भाकरीला लागून पोटात गेला, त्यानं काही होतं का? बाकी तवा गुणाचा आहे, भाकरी आपसूक सुटते.

स्वतःला जपा, आणि माझ्यावर विश्वास असू द्या.

म्हाळसा

वापी, १७ डिसेंबर १९९६

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. पापुद्र्याची भीती बाळगू नका, तो पोटात विरघळत न्हाय, जसा जातो तसाच बाहेर पडतो. हितल्या तपासणीच्या खोलीतल्या बाईंनीच सांगितलंय. राघू थंडीनं मेला असंल. औंदा गारठा लई हाय. आईचा राग निवंल, मग दादा न्यायला येईल. कामाची घाई हाय, थोडं लिहितो.

मनात काही आणू नका.

बिरदेव

वापी, ९ फेब्रुवारी १९९७

ती. आईस, बिरदेवचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हे पत्र ओसरीवर मोठ्यांदी वाच. मधलं गाळू नकोस.

आई, फौजदाराला मी मारलं. वहिनींनी न्हाय.

तो तवा बक्षीस न्हवता. नापास मालाच्या ढिगातनं मी उचलला. त्याचं कातडं सैपाकाच्या आचेला काही करत न्हाय. पण रिकामा तवा जाळावर ठेवला की तो इतका तापतो की ते कातडंच जळून त्याचा वायू होतो. वास फार येत न्हाय, डोळ्याला जेमतेम दिसतो. माणसाला एखादा दिवस ताप-खोकला येतो. पाखराचा श्वास बारीक आन् घाईचा, ते तितंच पडतं. हे आमच्या तपासणीच्या खोलीतल्या प्रतिक्षाबाईंनी मला तवा धाडायच्या आधी चार महिने सांगितलं होतं. मी हात न धुता बिडी वढली, बोटावरली औषधाची पूड बिडीत जळली आन् मला दोन दिवस हुडहुडी भरली, त्या येळी. भट्टीच्या धुराड्याकडं चिमण्या बसत न्हाईत, हेबी मी रोज बघतो.

मग लिहिलं का न्हाय? लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, असली जिन्नस घरात नको, आन् तवा परत धाडला असतास. मला तर शाबासकी पायजे होती. पुढं वहिनींनी विचारलं त्या येळी मी खरं तेवढं पापुद्र्याचं सांगितलं आन् राघूचं थंडीवर ढकललं. चोरी कळंल, कामावरनं काढतील, म्हणून भ्यालो.

वहिनींना आणा. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण मुलगा म्हणायचं सोडू नको.

बिरदेव

कऱ्हाटी, २३ फेब्रुवारी १९९७

चि. बिरदेवास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आईला पटलं न्हाय. म्हणाली, ह्यो ल्हानपणापासनं भावजयीच्या पदराला धरून, तिला वाचवायला सोंग करतोय. एकदा बक्षीस म्हणतो, एकदा चोरी म्हणतो, ह्याचं खरं कुठलं? मग तिनंच काढलं, चुलीजवळ डालग्याखाली तलंग कोंबडी ठिवायची, तवा रिकामा तापवायचा, मेली तर खरं.

मी कळंबला निरोप धाडला. म्हाळसाचा उलटा निरोप आला, माझ्या नावासाठी दुसरं पाखरू मारू नका, मला काय म्हणायचं ते म्हणा. आईनं ऐकलं. जेवली न्हाय. डालगं उचलून कोंबडी सोडून दिली आन् पहाटेच्या यष्टीनं एकटीच कळंबला गेली. मी न्हाय गेलो. आधी जायला पायजे होतं ते मी, हे आता मला कळतंय.

तू तिकडं मालकाला खरं सांग. काय होईल ते कळव. आमी हाय.

तुझा दादा,
ज्ञानेश

कऱ्हाटी, ४ मार्च १९९७

चि. बिरदेव भावजींस आशीर्वाद.

मी परत आले. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, चल, माझ्या हातच्या भाकरी तुझ्या नवऱ्याला जात नाहीत. एवढंच. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ झालं.

तव्याची चूक मी पोटात घातली. ती कुणाकडूनही झाली असती. पण मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, आणि तुम्ही थंडी सांगितलीत. पुढचे दोन महिने मी रोज आठवत बसले, त्याला दिलेला पेरू किडका होता का, पाणी शिळं होतं का, रागात माझ्याच हातून काही झालं का. एका टप्प्यावर मलाच वाटायला लागलं की मीच मारलं. हे मात्र मला अजून जिरत नाही, भावजी.

सुट्टी मिळाली की या. ताट वाढीन, पाणी देईन, आईंसमोर तुमची बाजूही घेईन. बोलायला मात्र मला वेळ लागेल, तेवढा द्या. तोवर खुशालीचं कार्ड टाकत जा. ते मी वाचीन.

म्हाळसा