निरोप घेण्यात गेलेलं विमान

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार शब्दशः साष्टांग आहे. परवापासून पाठ धरली आहे, त्यामुळे मी फरशीवर पालथा पडून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर गुण कापू नयेत.) तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही नियमित करत असाल असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहा. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्या नातीचं, भिंगरीचं, वजन वाढलं आहे, तिला उचलून पळताना ते नीटच कळलं. वरच्या दोन दातांची जागा मात्र अजून रिकामी आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या मुलीने जहाजावरून फोन करून एव्हाना एका वाक्यात सांगितलंच असेल, की यांनी विमान चुकवलं. उत्तर बरोबर आहे. पण रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला तुम्ही मुख्याध्यापिका असताना कधी पूर्ण गुण दिले नाहीत, म्हणून रीत मांडतो.

जहाज बंदरात चाळीस तास थांबणार होतं. इंजिनाच्या खोलीतून तुमच्या मुलीची सुटका तेवढ्यापुरतीच, त्यानंतर चार महिने पुन्हा भेट नाही. (गेलं वर्षभर आम्ही बापलेक तिच्या जहाजामागे बंदरं पालथी घालत फिरतो ते यासाठीच. तुमच्या शेजारच्या काकूंना वाटतं तसं जग बघायला नव्हे. जग आम्ही मुख्यतः रांगेत उभं राहून पाहिलं आहे.) वाटेत एकदा विमान बदलायचं, आणि पोहोचलो की छत्तीस तास भिंगरीची आई भिंगरीला मिळणार. दोन विमानांच्या मधे एक तास पन्नास मिनिटं होती. आता मी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांमागची उत्तरं तपासून पोट भरणारा माणूस. काळ, काम आणि वेग या प्रकरणात एकोणीस वर्षांत माझी एक चूक सापडलेली नाही. एक तास पन्नास मिनिटांत सात वर्षांच्या मुलीला एका दारातून दुसऱ्या दारात नेणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी समजून चाललो होतो.

पहिलं विमान वेळेवर उतरलं. पण तिथून बाहेर पडायलाच आम्हाला चौदा मिनिटं लागली, कारण भिंगरी सगळ्यांचा निरोप घेत होती. शेजारच्या खुर्चीतले आजोबा गाढ झोपले होते, त्यांना तिने खांदा हलवून उठवलं आणि आम्ही निघतो असं सांगितलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं. मग विमानातल्या तीन ताया. मग वैमानिक, जे कॉकपिटमधून बाहेर येईपर्यंत आम्ही दारात तिष्ठत होतो. पुढे सामानाच्या तपासणीत एका उग्र चेहऱ्याच्या बाईंनी तिच्या कंपासपेटीतलं कर्कटक काढून घेतलं, तर त्यांनाही 'येते हं' झालं. (कर्कटक परत मागितलं नाही. निरोप मात्र चुकवला नाही.)

ही सवय कुठून लागली ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी तुमची मुलगी पहिल्यांदा जहाजावर निघाली, तेव्हा पोर रडेल म्हणून आपण सगळ्यांनी मिळून तिला गच्चीवर कबुतरं दाखवायला नेलं आणि तेवढ्यात आईला गाडीत बसवून दिलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो, किंबहुना कबुतरं ही माझीच कल्पना. खाली आल्यावर तिने सगळ्या खोल्या पाहिल्या, कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. ती रडली नाही, आणि आपलं नियोजन फत्ते झालं असं वाटून आपण चहा प्यायलो. तेव्हापासून कुणालाही न सांगता निघायचं नाही हा तिचा कायदा आहे, आणि तो मोडायचं तोंड मला नाही.

तरीही पस्तीस मिनिटं हातात ठेवून आम्ही दुसऱ्या विमानाच्या दारापाशी पोहोचलो. वाटेत स्वच्छतागृहात फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी भिंगरीच्या फ्रॉकवर सांडलेला रस धुऊन दिला होता, हात वाळवायच्या यंत्राखाली फ्रॉक धरून वाळवला होता आणि तिला फरशी पुसायचं मशीन चार पावलं ढकलू दिलं होतं. (ढकलताना तिचा चेहरा असा होता, की तिच्या शाळेचं काय ठरवलंस हा तुमचा नेहमीचा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला होता.) लोक आत जायला लागले. रांगेत आमच्यापुढे सहा माणसं उरली आणि भिंगरी थांबली. म्हणाली, मावशींना सांगितलंच नाही.

मी म्हणालो, त्या समजून घेतील.

ती म्हणाली, "त्या मला शोधत बसतील."

आई, मी तिला उचललं आणि उलटा पळत सुटलो. मावशी स्वच्छतागृहात नव्हत्या. शिफ्ट संपून त्या घरी निघाल्या होत्या, आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीबाहेर साध्या कपड्यांत सापडल्या. मी तर त्यांना ओळखलंही नसतं. भिंगरीने 'येते हं' म्हटलं. तेवढ्यावर आटोपेल असा माझा हिशेब, पण मावशींनी तिला जवळ घेतलं, पिशवीतून फोन काढला आणि आपल्या तीन मुलांचे फोटो दाखवले. एकेका मुलाचे अनेक होते. माझा जीव टांगणीला लागला होता आणि मी हसून माना डोलावत होतो.

परत आलो तर दार बंद. काउंटरवरच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की आमची नावं चार वेळा पुकारली होती. काचेतून विमान मागे सरकताना दिसत होतं. भिंगरीने ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "आपल्याला न सांगता गेलं?" मी डोक्याला हात लावला.

पुढच्या विमानात जागा नव्हती. त्याच्या पुढच्यात मिळाली. थोडक्यात, छत्तीस तासांतले पाच उरले. त्या पाच तासांत हिने लेकीची नखं कापली, जेवू घातलं, सगळी गाणी ऐकली आणि माझ्याशी एकूण चार वाक्यं बोलली. त्यांपैकी तीन विमानाबद्दल होती. कृपया तुम्ही माझी बाजू धरावी. बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जपा.

तुमचा जावई
(पूर्वी हिशेबात पक्का म्हणून पसंत केलेला)

ता. क. : नवीन कर्कटक कुरियरने पाठवू नये, तेही काढून घेतील.

ता. क. २ : एक गोष्ट वर लिहिली नाही. हिची वेळ झाली तेव्हा बंदराच्या फाटकाजवळच्या बाकावर भिंगरी आईच्या खांद्यावर झोपली होती. हिने मला खूण केली, की हळूच घे, मी सटकते. मी घेतली आणि गदागदा हलवून जागी केली. भिंगरीने डोळे चोळले, आईच्या गालाची पापी घेतली, जपून जा म्हणाली आणि फाटकातून ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. ती रडली नाही. रडली तुमची मुलगी, इतकी की पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्रही तपासलं नाही.

ता. क. ३ : आता खरं काम. पुढच्या महिन्यात आम्ही तीन आठवडे तुमच्याकडे येतोय. मागच्या वेळी आम्ही निघालो त्या सकाळी तुम्ही सात वाजताच चष्मा दुरुस्त करायला गेला होता. ते दुकान दहाला उघडतं हे मला माहीत होतं. भिंगरीने त्या दिवशी सगळ्या खोल्या पाहिल्या, कपाट उघडलं आणि पलंगाखालीही वाकून पाहिलं, हे तुम्हाला माहीत नाही. तेव्हा या वेळी कृपा करून दारात थांबा. रडू येईल, येऊ द्या. विमान संध्याकाळचं घेतलं आहे, आपण निघायला सकाळी नऊलाच सुरुवात करू.