बाबांच्या पेशी

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, तूही असशील. तुझी बदली झाल्याचं कळलं. नव्या खोलीला पडदे आहेत का, असं आईने विचारलंय. नसतील तर माप कळव, बाबा शिवून देतील, असं ती अजूनही म्हणते.

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस तेव्हा "जखम तशीच आहे" एवढंच म्हणाले. पुढचं आता लिहिते.

बाबांच्या कंबरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या मूळपेशी आमच्या प्रयोगशाळेत मीच वाढवत होते, हे तुला ठाऊक आहे. पुरेशा वाढल्या की टाचेच्या जखमेभोवती टोचायच्या. दीड वर्षं चिघळलेली जखम भरेल, पुन्हा मशीनचं पायडल मारता येईल, या आशेवर ते दिवस काढत होते. संध्याकाळी मी त्यांच्या वॉर्डात गेले की विचारायचे, "काय म्हणतात माझी पिल्लं?"

मी म्हणायचे, "वाढताहेत."

दादा, त्या वाढत नव्हत्या. रक्तातल्या इतक्या वर्षांच्या साखरेने त्यांच्यात जीवच उरला नव्हता. पेशी वाढवायच्या त्याच कपाटात, त्याच उबेत दुसऱ्यांच्या पेशी भराभर वाढत होत्या. डॉक्टरांना मी लगेच सांगितलं. बाबांना मी सांगते म्हणाले, आणि आज सांगू, उद्या सांगू करत बारा दिवस घालवले. शेवटी त्यांच्या पेशींची ती बशी माझ्याच हातांनी टाकून दिली.

तोवर जंतू हाडापर्यंत पोचले होते. आधी सांगितलं असतं तरी पाय वाचला नसता, असं डॉक्टर म्हणतात. पाय काढायच्या कागदावर सही करताना बाबा मला म्हणाले, "पिल्लांना जरा उशीर झाला म्हणायचं."

गेल्या गुरुवारी गुडघ्याखालून पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मग समोरच्या खाटेवरच्या मास्तरांकडे बोट दाखवलं. "त्यांची टाचही माझ्यासारखीच आहे. माझी पिल्लं आता त्यांना दे. वाया नकोत जायला." एकाच्या पेशी दुसऱ्याला अशा देता येत नाहीत, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण मास्तरांनी पडल्या पडल्या मला हात जोडले.

मी हो म्हटलं.

आता संध्याकाळी दोघंही विचारतात.

रजा मिळाली तर ये. सांगायचं मलाच आहे. तू फक्त वॉर्डाच्या दारापर्यंत माझ्याबरोबर चल.

तुझी,
छोटी