चौकटीवरची राखण

सारीबुलाक
१४ ऑक्टोबर १९९६

चि. मारझान हिस अ. उ. आ.

आईचा चाळिसावा दिवस करून तू गेलीस, त्याला आज आठ दिवस झाले. घर इतकं गप्प आहे की किटली मोठ्याने बोलल्यासारखी वाटते. तोल्गानाय बरी आहे. काल तिने विचारलं, आजीची मान शेवटी शेवटी वळत नव्हती, मग तिकडे तिला मागून कुणी हाक मारली तर ती काय करेल. मी म्हटलं, तिकडे सगळे समोरूनच येतात.

अंगणात तू तोल्गानायला घेऊन जाण्याबद्दल जे बोललीस ते खरंच आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने तुझ्या आईचे, उल्झानचे दात तपकिरी केले, पाठीचं लाकूड केलं, आणि तोल्गानायच्या हिरड्यांत कायमचे दात आत्ता घडतायत. पण पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या चुलीपाशी वाढतं, हे तूच तिला आमच्या ओटीत घालताना म्हणाली होतीस. ती तुला, जन्म दिलेल्या आईला, मारझानताई म्हणते आणि मला, आजोबाला, अता. एकाच वर्षी दोघी गेल्या तर मी भिंतींना कविता म्हणून दाखवू का?

म्हणून तू सांगितलेलं पाणी गाळायचं नळकांडं करून टाकलं. बंद कारखान्यातलं लेथ अजून माझं ऐकतं. त्याच लेथवर मी दवाखान्यासाठी दातांच्या सोन्याच्या टोप्यांचे साचे करायचो. झाकणाचे आटे असे बसलेत की मध्ये केस शिरणार नाही. आत भरायची हाडंही भाजून झाली. शेजारच्या कुल्याशवहिनींनी टोमणा मारलाच, की जन्मभर पाहुण्यांपुढे मानाने मांसाची हाडं ठेवली, आता म्हातारा ती पाण्यापुढे ठेवतोय. पण हाडं अशी निघालीत की तू बघत राहशील.

लोभ ठेव, थोडा रागही ठेव. राग असला की पत्र लवकर येतं.

तुझा बाबा,
ओतेगेन


आल्माती
३ नोव्हेंबर १९९६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

राग नाही, काळजी आहे. आमच्या संस्थेतले दातांचे डॉक्टर हल्ली दातांपेक्षा पाणीच जास्त बघतात. दात आणि हाड एकाच द्रव्याचे. फ्लोराइड त्या द्रव्याला चिकटतं. म्हणून ते दाताला चिकटण्याआधी भाजलेल्या हाडाला चिकटू द्यायचं, एवढीच आमची युक्ती. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, वारा न लागता, काळी होतील इतकीच भाजलीत ना?

पाणी मोजायचं आमचं यंत्र बिघडलंय. सुटा भाग येईपर्यंत फेब्रुवारी उजाडेल. तेव्हा नळकांड्यातल्या पाण्याची एक बाटली पाठवा, सोबत भाजलेल्या हाडांचे मूठभर दाणेही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आत आलं तर तोल्गानाय तुमच्याकडेच राहील. नाही आलं तर मी न्यायला येईन, आणि मग मला कवितेने अडवायचं नाही.

सकाळी चहाबरोबर काहीतरी खात जा. तोल्गानायला गोड पापा.

तुमची,
मारझान


सारीबुलाक
९ फेब्रुवारी १९९७

चि. मारझान हिस अ. उ. आ.

बसवाल्या दौलेतबरोबर बाटली पाठवतोय. मूठभर दाणे आईच्या रुमालात बांधलेत. रुमाल परत पाठव.

तोल्गानायचा खालचा पहिला दात पडला. चरबीत गुंडाळून कुत्र्याला दिला, त्याच्यासारखे मजबूत यावेत म्हणून. कुत्र्याने चरबी चाटली, दात थुंकला आणि आमच्याकडे असं बघितलं की दोघं पोट धरून हसलो. खूप दिवसांनी.

तिला मी आमच्या दुसरीतली रानहंसांची कविता शिकवली. ती म्हणते तेव्हा मला तो वर्ग दिसतो. मास्तर पट्टीने टेबलावर ताल धरायचे. उल्झान तिसऱ्या बाकावर. तिला सगळ्यांत आधी पाठ व्हायचं, पण उभं केलं की ओठ मिटून गप्प, कारण म्हणायला तोंड उघडावं लागतं. मास्तर शून्य द्यायचे. ती तोंडावर हात ठेवून खाली बसायची. मी मागून बघायचो. पुढे चाळीस वर्षं ती त्या हाताआडूनच हसली. सोन्याच्या टोप्या करून देतो म्हटलं तर म्हणायची, सगळ्या गावाला साचे करून देतोस, एक बायको तरी देवाने केली तशी राहू दे.

तोल्गानाय मात्र तोंड भरून म्हणते. नळकांड्याचं पाणी रोज दोन पेले पिते. तू मोज, आणि मग ये, पण न्यायला नको, नुसती ये.

तुझा बाबा,
ओतेगेन


आल्माती
२० फेब्रुवारी १९९७

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. विहिरीचं पाणी मागे मोजलं तेव्हा चार पूर्णांक तीन होतं. तुमच्या नळकांड्याचं चार पूर्णांक दोन. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं.

मग आईचा रुमाल सोडला. दाणे पांढरेशुभ्र. बाबा, फार भाजलं की हाडातली बारीक छिद्रं मिटतात, त्याला काही चिकटत नाही. आटे उत्तम असतील, आतली जाळी उत्तम असेल, एक थेंब बाजूने निसटत नसेल. पण चार महिने तोल्गानाय विहीरच पीत होती. तिचे पुढचे दात आधीच घडलेत, मागचे अजून घडतायत. आणखी एक महिनाही मी देऊ शकत नाही.

तुम्हाला दोष देत नाही. दातांची पदवी घेऊन मीच तिला पाच वर्षं त्या विहिरीपाशी ठेवलं. मार्चच्या पहिल्या रविवारी येते.

तुमची,
मारझान


सारीबुलाक
१६ मार्च १९९७

चि. मारझान हिस अ. उ. आ.

बस वळेपर्यंत तोल्गानाय मागच्या काचेतून बघत होती. मी हात हलवत होतो, पण तिच्याकडे नीट बघितलं नाही. तुझ्यासमोर जे तोंडातून निघालं नाही, ते आता लिहितो.

हाडं चुकली हे तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. डब्यातून पहिल्यांदा हाडं निघाली ती काळीच होती. मी ती हातावर घेतली आणि मला किळस आली. या गावात लहानपणापासून एकच स्वप्न बघितलंय, पांढरे दात. काळ्या कोळशाने कुणाचे दात पांढरे राहतील? म्हणून उघड्या भट्टीत पुन्हा घातली, दुधासारखी होईपर्यंत. वाटलं, पोरगी येईल, बघेल आणि म्हणेल, बाबा, हे आम्हालाही जमलं नाही. आणि तुझं पत्र आल्यावर गप्प राहिलो, कारण खरं बोललो असतो तर तू तिला तेव्हाच नेलं असतंस. जन्मभर शतांश मिलिमीटर मोजला, आणि नातीच्या पाण्यात चार महिने खोटं मिसळलं.

आता पुन्हा भाजायला गावात हाडं नव्हती. हिवाळ्यासाठी साठवलेल्या मांसाची बेगमी संपली. तेव्हा दाराच्या चौकटीवरची काढली. उल्झान दरवर्षी मेंढीच्या पुढच्या पायाचं एक हाड घराची राखण म्हणून टांगायची. एकतीस होती. कुल्याशवहिनी म्हणाल्या, राखण उतरवतोस, मग घर कोण सांभाळेल. मी म्हटलं, सांभाळायचं होतं ते गेलं.

तीस भाजली. झाकण लावून. काळी. पुन्हा बाटली पाठवतोय. एकतिसावं हाड मात्र तुम्ही निघण्याआधीच उतरवून तोल्गानायच्या पिशवीत तळाशी ठेवलंय. तुझ्या दाराला खिळा मारून टांग. शहरातले हसतील, हसू दे.

तुझा चुकलेला बाबा,
ओतेगेन


आल्माती
३ सप्टेंबर १९९७

ती. बाबांना सा. न. वि. वि.

उन्हाळ्यात तुम्हाला निरोप पाठवला होताच, तरी कागदावर असावं म्हणून लिहिते. काळ्या हाडांचं पाणी शून्य पूर्णांक सहा. संस्थेतल्या कुणाचंही इतकं खाली आलं नव्हतं. त्यांनी विचारलं कोणी केलं, मी आईचं नाव सांगितलं, मग तुमचं.

तोल्गानायला वरचे दोन दात आलेत. त्यांवर तपकिरी पट्टा आहे, खोडातल्या कड्यासारखा. परवा शाळेचा पहिला दिवस होता. कविता म्हणायला उभं केलं तर तिने तोंडावर हात ठेवला. बाबा, तो आईचाच हात होता, तसाच, अंगठा गालावर. मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. ती माझं ऐकत नाही. तुम्ही लिहा.

हाड दारावर आहे. ती अजून मला ताई म्हणते.

तुमची,
मारझान


सारीबुलाक
१५ सप्टेंबर १९९७

चि. तोल्गानाय हिस अताचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मारझान तुला वाचून दाखवेल. तिला आई म्हणायला शीक. इथे कुणाला वाईट वाटणार नाही.

तुझ्या दातावरच्या रेघा आपल्या विहिरीने लिहिल्यात आणि काही मी. तुझ्यात लाजण्यासारखं त्यात काही नाही. तुझ्या आजीला अख्खं पुस्तक पाठ होतं आणि ते कुणी कधीच ऐकलं नाही, मीसुद्धा नाही. एवढं एकच मला तिच्याकडून मागून घ्यायचं राहिलं.

आता आपलं पाणी चांगलं आहे. कुल्याशवहिनींची नातवंडं सकाळी येतात, रांगेत उभी राहतात, पेले भरून नेतात. त्यांना मी तीच रानहंसांची कविता शिकवतो. मला आता तोंडात दातच नाहीत, त्यामुळे माझे हंस जरा फुसफुसतात आणि पोरं हसतात. हात न लावता हसतात.

तुझा निळा पेला नळकांड्याखाली तसाच ठेवलाय. संध्याकाळपर्यंत थेंब थेंब भरतो. मग मी तो पितो आणि पुन्हा ठेवतो.

उद्या वर्गात उभी राहा आणि हात खाली ठेव. सगळी कविता म्हण, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुझा,
अता